कोटितीर्थाच्या काठावरचा चित्रकार : आबालाल रहिमान

फाल्गुन लागला की भोकरहून हिमायतनगरमार्गे किनवटकडे जाताना माळावरचा पळस पेटलेला दिसतो. आषाढात सुधा प्रकल्पाच्या पाण्यावरून ढगांच्या सावल्या सरकत जातात आणि वैशाखात तोच परिसर करडा, भेगाळलेला होतो. एकच जागा वर्षभरात किती रूपे धारण करते, हे रोज तेथून जाणाऱ्यालाही सहसा जाणवत नाही. ते जाणून घेण्यासाठी अवघे आयुष्य वेचणारा एक चित्रकार महाराष्ट्रात होऊन गेला. कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी बसून त्याच पाण्याची, त्याच झाडांची आणि त्याच आभाळाची चित्रे वर्षानुवर्षे रंगवणारे आबालाल रहिमान हे त्यांचे नाव.

आबालाल यांचा जन्म कोल्हापुरातला. जन्मवर्षाबाबत मतभेद असून काही ठिकाणी १८५६, तर काही ठिकाणी १८६० हे वर्ष दिले जाते. घरची परिस्थिती बेताची; मात्र घरात अक्षराला प्रतिष्ठा होती. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा कुटुंबात असल्यामुळे बोरूची शिस्त, रेषेवरील ताबा आणि पानाच्या कडेची नाजूक वेलबुट्टी त्यांनी लहानपणापासून पाहिली. पुढे त्यांच्या रेखाटनांत जो संयम दिसतो, त्याचे मूळ या संस्कारात असावे. फारसीच्या शिकवणीच्या निमित्ताने त्यांचा एका इंग्रज कुटुंबाशी परिचय झाला आणि त्यांच्या हातातील कसब ओळखून त्या कुटुंबानेच त्यांना मुंबईची वाट दाखवली, अशी हकीकत कोल्हापुरात सांगितली जाते.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८८०च्या दशकात त्यांचे शिक्षण झाले. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेचे प्रमुख त्या काळी जॉन ग्रिफिथ्स होते. आपल्या मराठवाड्यातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करून घेण्याचे मोठे काम ज्यांनी १८७२ ते १८८५ या काळात तडीस नेले, ते हेच ग्रिफिथ्स. वस्तूचे काटेकोर निरीक्षण, छायाप्रकाशाचा अभ्यास आणि यथार्थ चित्रण यांवर तेथील शिक्षणाचा भर होता. आबालाल यांनी या शिक्षणात असे प्रावीण्य मिळवले, की त्यांची विद्यार्थिदशेतील कामे संस्थेने नमुना म्हणून जपून ठेवली. व्हाइसरॉयचे पदकही त्यांना मिळाल्याची नोंद आढळते.

असा विद्यार्थी मुंबईत राहता, तर त्याला कामाची वाण पडली नसती. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली होती. वार्षिक प्रदर्शने, पदके आणि धनिकांची गिऱ्हाइकी यांचे नवे दालन चित्रकारांपुढे उघडत होते. मूळ कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९०च्या दशकात याच वाटेने पुढे आले आणि जे. जे.मध्ये मोठ्या पदापर्यंत पोहोचले. आबालाल यांनी मात्र कोल्हापूर गाठले आणि प्रदर्शनांच्या जगाकडे पाठ फिरवली. या निर्णयामुळे त्यांना हवे तसे काम करता आले. पण त्याच निर्णयामुळे त्यांचे नाव दीर्घकाळ शहराच्या वेशीबाहेर गेले नाही.

त्यांना आधार मिळाला तो राजर्षी शाहू महाराजांचा. १८९४ साली महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. गायक, मल्ल, शिल्पी अशा गुणीजनांना जवळ करणाऱ्या महाराजांनी आबालाल यांना दरबाराचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारासाठी त्यांनी व्यक्तिचित्रे आणि प्रसंगचित्रे केली. तथापि, नेमून दिलेले काम संपले की त्यांची पावले वळत ती कोटितीर्थाकडे. शहराच्या पूर्वेचे, काठावर महादेवाचे मंदिर असलेले हे तळे तेव्हा वस्तीपासून काहीसे दूर होते. महाराजांनी १९०६ साली स्थापन केलेली कापडगिरणी पुढे याच परिसरात उभी राहिली. या तळ्याच्या आसऱ्याने आबालाल अत्यंत साधेपणाने राहिले.

जागेवर बसून निसर्गचित्र करणे हे दिसते तितके सोपे काम नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात पडलेली सावली दोन तासांत जागा बदलते आणि तिचा रंगही पालटतो. ढग आला की पाण्याची चकाकी मावळते. उन्हाळ्यात कागदावरचा जलरंगाचा ओला थर ब्रश फिरवेपर्यंत सुकून जातो, तर पावसाळी हवेत तो वाळता वाळत नाही. म्हणून चित्रकाराला आधी ठरवावे लागते, की समोरच्या दृश्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे. आबालाल यांनी हा निर्णय हजारो वेळा घेतला. पहाटेचे धुके, दुपारचे रखरखीत ऊन, सांजेची मलूल तांबूस छटा, पहिल्या पावसानंतरची गढूळ लाली, अशा वेगवेगळ्या वेळा आणि ऋतू त्यांनी कोटितीर्थाच्या निमित्ताने टिपले. रंकाळा तलावाचा परिसरही त्यांच्या चित्रांचा विषय झाला. जे. जे.मधील काटेकोर रेखन हळूहळू मागे पडले आणि छोट्या छोट्या रंगस्पर्शांतून प्रकाश साकार होऊ लागला.

याच सुमारास, १८९०-९१मध्ये, फ्रान्समध्ये क्लोद मोने शेतातील धान्याच्या गंजी निरनिराळ्या प्रहरी आणि ऋतूंत पुन्हा पुन्हा रंगवत होते. त्यामुळे आबालाल यांच्या चित्रांची तुलना अनेकदा दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांशी केली जाते. मात्र मोने यांच्यामागे पॅरिसची प्रदर्शने, विक्रेते आणि समीक्षक उभे होते. कोटितीर्थाच्या काठी आबालाल एकटे होते. प्रकाशाकडे पाहण्याची त्यांची रीत त्या तळ्याच्या सहवासातच घडत गेली.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि आबालाल यांच्या आयुष्यातला मोठा आधार तुटला. या आघाताने व्यथित होऊन त्यांनी आपली असंख्य चित्रे स्वतःच्या हातांनी पाण्यात बुडवली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कोणी कोटितीर्थाचे नाव घेते, कोणी रंकाळ्याचे; चित्रांची संख्याही सांगणाऱ्यागणिक बदलते. आख्यायिकेतील अतिशयोक्ती वजा केली, तरी एक गोष्ट उरतेच. इतकी वर्षे नित्यनेमाने काम केलेल्या चित्रकाराची आज उपलब्ध असलेली चित्रे फार थोडी आहेत. त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही आणि ती विकत घेऊन जपणारेही मोजकेच निघाले. चित्रे पाण्याने नेली असोत वा उपेक्षेने, महाराष्ट्राच्या कलेचे नुकसान तेवढेच झाले.

१९३१च्या अखेरीस आबालाल यांचे निधन झाले. परंतु त्यांनी लावलेले वळण कोल्हापुरात टिकले. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी यांच्यापासून पुढे चंद्रकांत मांडरे यांच्यापर्यंत निसर्गचित्रणाची जी परंपरा या शहरात बहरली, तिच्या उगमापाशी त्यांचे नाव आदराने घेतले जाते. चित्रकार आणि समाजसुधारक माधवराव बागल यांनी लेखनातून त्यांची स्मृती जागती ठेवली. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रे पाहता येतात. कोटितीर्थाभोवती आता दाट वस्ती आहे. शंभर वर्षांपूर्वीचे ते तळे कसे दिसत होते, त्याच्या काठावर ऊन कसे पडत होते, हे जाणून घ्यायला ही मोजकी चित्रेच उरली आहेत.

शाळेत निसर्गचित्र काढायला सांगितले, की आपल्याकडची मुले आजही दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, एक झोपडी आणि वळत जाणारी नदी काढून मोकळी होतात. हे दृश्य भोकरच्या मुलाने प्रत्यक्ष कधी पाहिलेले नसते. त्याने पाहिलेला असतो तो माळावरचा पळस, कापसाचे शेत आणि उन्हाळ्यात खाली जाणारे तलावाचे पाणी. आबालाल रहिमान यांनी दाराशी असलेले एक तळे निवडले आणि ते पुरते पाहून संपले, असे त्यांना कधी वाटले नाही. कागद, रंगाची पेटी आणि पाण्याचे भांडे घेऊन भोकरचा एखादा विद्यार्थी सुधा प्रकल्पाच्या काठी आषाढात बसला आणि वैशाखात पुन्हा त्याच जागी परतला, तर आबालाल यांची वाट त्याला आपोआप सापडेल. त्याने काढलेली चित्रे जपून ठेवण्याचे काम मात्र इतरांचे.