गाणं बंद केलं म्हणून ८० वर्षांची नन थेट चर्चच्या बड्यांना भिडली

साल होतं ११७८. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी, बिंगेनजवळच्या रुपर्ट्सबर्ग मठात एका उमरावाला पुरण्यात आलं. आता झालं असं की, या माणसाला कधीकाळी चर्चने बहिष्कृत केलं होतं. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी फर्मान काढलं, प्रेत उकरून बाहेर काढा.

मठाच्या प्रमुख होत्या हिल्डेगार्ड. वय ८०. मरण्यापूर्वी त्या माणसाचा बहिष्कार उठला होता, त्याला अखेरचे विधीही मिळाले होते, मग प्रेत उकरायचं कशाला? त्यांनी चक्क नकार दिला.

शिक्षा झाली. मिस्सा बंद, कम्युनियन बंद आणि गाणंही बंद. प्रार्थना करायची तर दारं लावून, हळू आवाजात नुसती वाचायची. ज्या नन दिवसरात्र मिळून आठ वेळा स्तोत्रं गायच्या, त्यांच्यासाठी हे किती जड असेल, विचार करा.

१०९८ साली उमराव घराण्यात जन्मलेल्या हिल्डेगार्ड यांना लहानपणीच देवाला वाहण्यात आलं. डिसिबोडेनबर्गच्या मठात युट्टा नावाच्या साध्वीच्या हाताखाली त्या वाढल्या. ११३६ साली युट्टा गेल्यावर तिथल्या ननची जबाबदारी त्यांच्यावर आली. ११४१ पासून त्यांनी आपल्याला होणारे दृष्टांत लिहायला घेतले. तो ‘स्किव्हियास’ ग्रंथ पुरा व्हायला सुमारे दहा वर्षं लागली. मधल्या काळात मठाधिपतीचा विरोध असतानाही त्यांनी ननना घेऊन रुपर्ट्सबर्गला स्वतंत्र मठ उभारला. वनस्पती आणि औषधांवरही लिहिलं, ती एक वेगळीच गोष्ट आहे.

पण खरी कमाल गाण्यांची. सत्तरहून जास्त रचना, शब्द त्यांचे आणि चालीही त्यांच्याच. ‘ऑर्डो व्हर्च्युटम’ हे त्यांचं संगीतनाटक तर भन्नाट आहे. त्यात सगळे सद्गुण गातात, सैतान मात्र फक्त बोलतो, ओरडतो. सैतानाच्या वाट्याला सूरच नाही!

ही काही नाटकापुरती युक्ती नव्हती. बंदी आल्यावर हिल्डेगार्ड यांनी माइन्झला जे पत्र पाठवलं, त्यात हाच विचार सविस्तर मांडला. पाप करण्याआधी आदमचा आवाज देवदूतांच्या गाण्यात मिसळलेला होता. पाप घडलं आणि माणूस तो सूर गमावून बसला. पुढे संदेष्ट्यांनी स्तोत्रं रचली, वाद्यं घडवली, ती याच हरवलेल्या सुराची आठवण राहावी म्हणून. माणूस गाऊ लागला की सैतानाचा जळफळाट होतो. त्यामुळे पुरेसं कारण नसताना देवाची स्तुती थांबवणाऱ्यांनी आपण नेमकं कोणाचं काम करतोय हे तपासावं, नाहीतर स्वर्गातल्या गायनात त्यांना जागा मिळणार नाही, असा इशाराही दिला.

विशेष म्हणजे हे सगळं बंदी पाळून. पत्रं गेली, साक्षी झाल्या, प्रकरण इटलीत असलेल्या आर्चबिशप ख्रिश्चन यांच्यापर्यंत पोहोचलं. अखेर मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. प्रेत जागेवरच राहिलं आणि मठात पुन्हा गाणं सुरू झालं.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, १७ सप्टेंबर ११७९ रोजी हिल्डेगार्ड गेल्या.

२०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ हा मान दिला. तो मिळवणाऱ्या त्या चौथ्या महिला. त्यांच्या लेखनाचं आणि गाण्यांचं सुमारे १५ किलो वजनाचं हस्तलिखित आजही जर्मनीतल्या वीसबाडेनच्या ग्रंथालयात आहे.