विश्लेषण : नाना शंकरशेट कोण होते? मुंबई सेंट्रलला त्यांचेच नाव का?

मुंबई सेंट्रल स्थानकाला नाना जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिथल्या मेट्रो-३ स्थानकालाही त्यांचेच नाव आहे. ग्रँट रोडच्या नाना चौकातून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना मात्र ‘नाना’ म्हणजे कोणी दानशूर शेठ, एवढेच ठाऊक असते. देणग्या त्यांनी भरपूर दिल्या. पण सरकारी मंडळांत बसून सरकारशीच वाद घालणे, हे त्यांचे त्याहून मोठे काम होते.

संपत्ती कुठून आली?

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. मूळ आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेट मुंबईतले बडे व्यापारी. नाना चौकाजवळचे भवानीशंकर मंदिर त्यांनीच बांधले. १८२२ मध्ये वडील गेले आणि विशीही न ओलांडलेल्या नानांवर सगळा कारभार आला. गिरगावातला त्यांचा वाडा पुढे शहराच्या सार्वजनिक कामांचा अड्डा बनला.

रेल्वेशी संबंध काय?

१८४० च्या दशकात मुंबईत रेल्वे आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या. त्यात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह नाना आघाडीवर होते. पुढे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’च्या मोजक्या भारतीय संचालकांत त्यांचा समावेश झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. स्थानकाला त्यांचे नाव देण्याच्या मागणीमागे हे मुख्य कारण आहे.

सरकारशी वाद कशावरून?

१८४० मध्ये मुंबई सरकारने शिक्षण मंडळ नेमले. त्यातल्या तीन भारतीय सदस्यांपैकी नाना एक. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजी शिक्षणावर होता. नाना इंग्रजीच्या विरोधात नव्हते. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्यांचाही हात होता. मात्र सामान्य माणसापर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्याच्याच भाषेत न्यावे लागेल, अशी लेखी भूमिका त्यांनी मंडळात मांडली.

त्याच काळात मुलींना शाळेत पाठवण्याला समाजातून कडाडून विरोध होता. नानांनी मुलींच्या शाळेसाठी स्वतःच्या वाड्यात जागा दिली.

१८५७ मध्ये काय झाले?

१८५२ मध्ये ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन करण्यात नानांचा पुढाकार होता. लोकांच्या तक्रारी थेट ब्रिटिश संसदेपुढे मांडणारी ही संघटना. साहजिकच काही इंग्रज त्यांच्यावर नाराज होते. १८५७ च्या उठावात त्यांच्यावर बंडखोरांना मदत केल्याचा संशय घेतला गेला. चौकशी झाली, हाती काहीच लागले नाही. आयुष्यभर सरकारी मंडळांत काम केलेल्या माणसाला एका संशयाने आरोपीच्या जागी नेऊन ठेवले होते. तरीही नानांनी सार्वजनिक काम सोडले नाही. १८६२ मध्ये मुंबईच्या नव्या कायदेमंडळावर ज्या पहिल्या भारतीयांची नेमणूक झाली, त्यांत नाना होते.

आज काय उरले आहे?

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. भायखळ्याचे संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, उभारण्यासाठी ते झटले होते. ते १८७२ मध्ये खुले झाले, तेव्हा नाना नव्हते. एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली.

रेल्वे आली, मुली शिकल्या. भाषेचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. गिरगाव, दादर, लालबागमध्ये मराठी शाळांचे पट घसरत आहेत. स्थानकाच्या पाटीवर नाव येईलही. नानांनी मंडळापुढे ठेवलेला प्रश्न मात्र आजही तसाच आहे.