क्लॅरेन्स अर्ल गिडियन

क्लॅरेन्स अर्ल गिडियन (३० ऑगस्ट, इ.स. १९१० - १८ जानेवारी, इ.स. १९७२) हे एक अमेरिकन नागरिक होते. घरफोडीच्या आरोपाखाली तुरुंगात असताना त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडे स्वहस्ते लिहिलेला अर्ज पाठवला. त्यातून उभा राहिलेला 'गिडियन विरुद्ध वेनराइट' हा खटला अमेरिकन न्यायव्यवस्थेतील एक मैलाचा दगड मानला जातो. गंभीर फौजदारी गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला वकील करण्याची ऐपत नसेल, तर राज्याने तिला वकील उपलब्ध करून दिला पाहिजे, हे तत्त्व या खटल्याच्या निकालाने देशभर बंधनकारक झाले. गिडियन हे कायद्याचे अभ्यासक नव्हते की समाजसुधारकही नव्हते. त्यांचे औपचारिक शिक्षण जेमतेम आठवीपर्यंत झाले होते आणि आयुष्याचा बराच काळ तुरुंगात गेला होता.

पूर्वायुष्य

गिडियन यांचा जन्म मिसूरी राज्यातील हॅनिबल या गावी झाला. ते तीन वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि पुढे आईने पुनर्विवाह केला. घरातील वातावरणाशी न जुळल्याने गिडियन चौदाव्या वर्षाच्या सुमारास घर सोडून निघून गेले व भटके जीवन जगू लागले. सोळाव्या वर्षापर्यंत त्यांच्या नावावर किरकोळ गुन्हे जमा झाले होते. कपड्यांच्या चोरीबद्दल त्यांना बालसुधारगृहात राहावे लागले. तेथून सुटल्यावर त्यांनी बुटांच्या कारखान्यात काम केले.

वयाच्या अठराव्या वर्षी मिसूरीमध्येच दरोडा, घरफोडी व चोरी या आरोपांवरून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. सुमारे तीन वर्षांनी, इ.स. १९३२ मध्ये, त्यांची सुटका झाली, तेव्हा अमेरिकेत महामंदीचा काळ होता व काम मिळणे दुरापास्त झाले होते. पुढील काळात चोरीच्या निरनिराळ्या गुन्ह्यांसाठी कॅन्सस, मिसूरी आणि टेक्सास येथील तुरुंगांत त्यांचे येणे-जाणे सुरू राहिले. इ.स. १९५५ मध्ये त्यांनी चौथा विवाह केला. क्षयरोगामुळे त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. त्यानंतर हे कुटुंब फ्लोरिडा राज्यातील पनामा सिटी येथे स्थायिक झाले. तेथे गिडियन विजेची किरकोळ कामे करीत आणि तुटपुंज्या मिळकतीला जुगाराची जोड देत.

घरफोडीचा आरोप आणि पहिला खटला

३ जून, इ.स. १९६१ रोजी पहाटेच्या सुमारास पनामा सिटीजवळील 'बे हार्बर पूल रूम' या बिलियर्डच्या अड्ड्यात चोरी झाली. सिगारेटचे यंत्र फोडण्यात आले होते, नाणे टाकून गाणी ऐकण्याच्या पेटीचीही मोडतोड झाली होती आणि चिल्लर पैसे व पेयांच्या काही बाटल्या नाहीशा झाल्या होत्या. पहाटे साडेपाचच्या सुमारास गिडियन यांना त्या जागेतून मद्याची बाटली घेऊन बाहेर पडताना आपण पाहिले, असे एका तरुणाने पोलिसांना सांगितले. त्याच दिवशी गिडियन यांना अटक झाली. त्यांच्याजवळ बरीच नाणी सापडली. किरकोळ चोरीच्या हेतूने इमारतीत बेकायदा प्रवेश केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. चोरीस गेलेला ऐवज क्षुल्लक असला, तरी फ्लोरिडाच्या कायद्यानुसार हा गंभीर गुन्हा होता.

४ ऑगस्ट, इ.स. १९६१ रोजी न्यायाधीश रॉबर्ट मॅकक्रेरी यांच्यासमोर खटला सुरू झाला. गिडियन यांनी आपल्याजवळ पैसे नसल्याचे सांगून न्यायालयाकडे वकिलाची मागणी केली. मात्र फ्लोरिडाच्या तत्कालीन कायद्यानुसार केवळ देहदंडाची शिक्षा होऊ शकणाऱ्या खटल्यांतच सरकारी खर्चाने वकील देता येत असे. त्यामुळे न्यायाधीशांनी ही मागणी नाइलाजाने फेटाळली. असा वकील मिळणे हा आपला हक्क असून सर्वोच्च न्यायालयानेच तो मान्य केला आहे, अशी गिडियन यांची समजूत होती. त्या वेळच्या कायद्याच्या दृष्टीने ती समजूत चुकीची होती.

परिणामी गिडियन यांनी स्वतःच आपला बचाव केला. त्यांनी ज्यूरीसमोर प्रारंभिक निवेदन केले, सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी घेतली, आपल्या बाजूचे साक्षीदार उभे केले आणि शेवटी आपण निर्दोष असल्याचे थोडक्यात मांडले. तथापि, साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारे प्रश्न कोणते व ते कसे विचारावेत, याची जाण त्यांना असणे शक्य नव्हते. ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि २५ ऑगस्ट रोजी पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज

रेफर्ड येथील राज्य कारागृहात असताना गिडियन यांनी तेथील ग्रंथालयातील कायद्याची पुस्तके वाचण्यास सुरुवात केली. त्यांनी प्रथम फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. तो फेटाळला गेल्यावर जानेवारी, इ.स. १९६२ मध्ये त्यांनी तुरुंगाच्या रेघी कागदावर पेन्सिलीने अर्ज लिहून वॉशिंग्टन येथे संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्या नादार अर्जदारांसाठी त्या न्यायालयात स्वतंत्र तरतूद होती व असे शेकडो अर्ज दरवर्षी येत असत. त्यांपैकी फारच थोडे सुनावणीसाठी स्वीकारले जात. ४ जून, इ.स. १९६२ रोजी न्यायालयाने गिडियन यांचा अर्ज दाखल करून घेतला.

या प्रश्नावर इ.स. १९४२ मधील 'बेट्स विरुद्ध ब्रेडी' या खटल्याचा निकाल तोपर्यंत लागू होता. निरक्षरता किंवा मानसिक दुर्बलता यांसारखी विशेष परिस्थिती असल्याखेरीज गरीब आरोपीला वकील देण्याचे बंधन राज्यांवर नाही, असा त्याचा आशय होता. संघीय न्यायालयांत मात्र हा हक्क इ.स. १९३८ पासूनच मान्य होता. म्हणजेच आरोपीला वकील मिळणे हे खटला कोणत्या न्यायालयात चालतो यावर अवलंबून होते. गिडियन यांनी आपल्या अर्जात कोणत्याही विशेष परिस्थितीचा आधार घेतला नव्हता. वकिलाविना झालेला खटला न्याय्य नसतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे बेट्स खटल्याच्या निकालाचाच पुनर्विचार करणे न्यायालयाला भाग पडले.

सुनावणी आणि निकाल

गिडियन यांची बाजू मांडण्यासाठी न्यायालयाने वॉशिंग्टनमधील नामांकित वकील एब फोर्टास यांची नेमणूक केली. फोर्टास पुढे इ.स. १९६५ मध्ये स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. फ्लोरिडाच्या वतीने ब्रूस जेकब या तरुण सरकारी वकिलांनी काम पाहिले. जेकब यांनी इतर राज्यांकडे पाठिंब्याची विनंती केली. तिचा परिणाम उलटा झाला. मिनेसोटाचे महान्यायवादी वॉल्टर मॉन्डेल व इतरांच्या पुढाकाराने २२ राज्यांनी गिडियन यांच्या बाजूने निवेदन सादर केले, तर केवळ दोन राज्ये फ्लोरिडाच्या बाजूने उभी राहिली.

१५ जानेवारी, इ.स. १९६३ रोजी तोंडी युक्तिवाद झाला. क्लॅरेन्स डॅरो यांच्यासारख्या प्रख्यात फौजदारी वकिलावर जेव्हा आरोप झाला, तेव्हा त्यांनीही स्वतःसाठी दुसरा वकील नेमला होता, याकडे फोर्टास यांनी न्यायालयाचे लक्ष वेधले. १८ मार्च, इ.स. १९६३ रोजी न्यायालयाने एकमताने गिडियन यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ह्युगो ब्लॅक यांनी लिहिले. बेट्स खटल्यात ब्लॅक यांनी एकवीस वर्षांपूर्वी विरोधी मत नोंदवले होते. वकिलाचे साहाय्य मिळण्याचा सहाव्या घटनादुरुस्तीतील हक्क चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे राज्यांवरही बंधनकारक ठरतो, असा निर्णय देऊन बेट्स खटल्याचा निकाल रद्द करण्यात आला.

फेरखटला आणि निर्दोष मुक्तता

या निकालाने गिडियन निर्दोष ठरले नव्हते. त्यांना फक्त वकिलासह नव्याने खटला चालवून घेण्याची संधी मिळाली होती. ५ ऑगस्ट, इ.स. १९६३ रोजी त्याच न्यायाधीशांसमोर फेरखटला उभा राहिला. मदतीसाठी आलेल्या बाहेरगावच्या वकिलांना नकार देऊन गिडियन यांनी डब्ल्यू. फ्रेड टर्नर या स्थानिक वकिलांची मागणी केली व ती मान्य झाली.

टर्नर यांनी खटल्यापूर्वी स्वतः चौकशी केली. मुख्य साक्षीदाराची त्यांनी कसून उलटतपासणी घेतली आणि तो स्वतःच खऱ्या चोरांसाठी पहारा देत असावा, अशी शंका ज्यूरीच्या मनात निर्माण केली. त्या पहाटे गिडियन यांना नेणाऱ्या टॅक्सीचालकाची साक्षही महत्त्वाची ठरली. आपल्याला नेल्याचे कोणाला सांगू नकोस, असे गिडियन यांनी त्याला बजावले होते. पहिल्या खटल्यात ही बाब त्यांच्या विरोधात गेली होती. पत्नीशी खटके उडत असल्याने गिडियन यापूर्वीही असेच सांगत असत, हे टर्नर यांनी त्याच चालकाकडून वदवून घेतले. सुमारे तासाभराच्या विचारविनिमयानंतर ज्यूरीने गिडियन यांना निर्दोष ठरवले. घटना तीच, न्यायाधीश तेच आणि मुख्य साक्षीदारही तोच असताना केवळ वकिलाच्या उपस्थितीने निकाल बदलला. त्यामुळे हा फेरखटला सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचे जिवंत प्रात्यक्षिक ठरला.

परिणाम

निकालानंतर एकट्या फ्लोरिडातून सुमारे २,००० कैद्यांची सुटका झाली. त्याच वर्षी फ्लोरिडाने सार्वजनिक बचाव वकिलांची यंत्रणा उभारली आणि इतर अनेक राज्यांनीही तशी व्यवस्था केली किंवा असलेली विस्तारली. इ.स. १९७२ मधील 'आर्गरसिंगर विरुद्ध हॅम्लिन' या खटल्यात हे तत्त्व कारावासाची शिक्षा होणाऱ्या किरकोळ गुन्ह्यांनाही लागू करण्यात आले. मात्र या व्यवस्थेचा खर्च कसा भागवावा, हे गिडियन निकालाने राज्यांवरच सोपवले होते. अपुरा निधी आणि एकेका वकिलाकडे असलेले खटल्यांचे अवाजवी ओझे, ही या व्यवस्थेबाबतची कायमची तक्रार राहिली आहे.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

मुक्ततेनंतर गिडियन यांच्या आर्थिक स्थितीत फारसा फरक पडला नाही. १८ जानेवारी, इ.स. १९७२ रोजी फोर्ट लॉडरडेल येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन हॅनिबल येथे झाले व प्रारंभी त्यांच्या थडग्यावर नावाची शिळाही नव्हती. पुढे नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने तेथे ग्रॅनाइटची शिळा बसवली. गिडियन यांनी फोर्टास यांना लिहिलेल्या पत्रातील, प्रत्येक युगात मानवहितासाठी कायद्यात सुधारणा होत असते अशा आशयाचे वाक्य तिच्यावर कोरलेले आहे.

पुस्तक व चित्रपट

पत्रकार अँथनी लुईस यांनी या खटल्यावर लिहिलेले 'गिडियन्स ट्रम्पेट' हे पुस्तक इ.स. १९६४ मध्ये प्रकाशित झाले. बायबलमधील गिडियन या योद्ध्याच्या कथेवरून हे शीर्षक घेतले आहे. इ.स. १९८० मध्ये याच नावाचा दूरचित्रवाणी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात हेन्री फोंडा यांनी गिडियन यांची भूमिका साकारली होती.