आकड्यांचा सोबती : देवळालीचे कापरेकर

गणित म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात प्रथम उभी राहते ती धास्ती. या धास्तीला अभ्यासक्रमाइतकाच आपला दृष्टिकोनही कारणीभूत आहे. गणितातील मौज म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत आपण जोपासली. ती समजूत आयुष्यभर अमान्य करणारा एक शिक्षक नाशिकजवळच्या देवळालीत होऊन गेला, याचे स्मरण म्हणूनच अगत्याचे ठरते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. आईचे छत्र आठव्या वर्षीच हरपले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढील वर्षापासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत शिक्षकी केली. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नाही. वही, पेन्सिल आणि अथांग चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध पाटीवर करून पाहण्याजोगा आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि उत्तराबाबत पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७; मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२; नंतर ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी ६१७४ हेच उत्तर येत राहते. आरंभ कोठूनही करा, फार तर सात पायऱ्यांत हाच मुक्काम गाठला जातो.

इतरही नवल त्यांनी वेचले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग केले, तर त्यांची बेरीज पुन्हा ४५. २१ मध्ये तिचेच अंक मिळविले की २४ होतात. म्हणून २१ ही २४ ची जननी. २० ला मात्र अशी जननी नाही. ती स्वयंभू. अशा संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे, देवळालीचे नाव दिले.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चे वैशिष्ट्य मांडले. परंतु येथील अनेक गणितज्ञांना हे सारे पोरखेळ वाटले. त्यांचे बरेचसे लेखन किरकोळ नियतकालिकांतून वा खासगी पुस्तिकांतूनच प्रसिद्ध झाले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. त्या वेळी त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८६ साली ते निवर्तले.

त्यांच्या शोधांतून मोठे सिद्धान्त उभे राहिले नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. परंतु शाळेपुरता तो गैरलागू आहे. साधी वजाबाकी येणाऱ्या मुलाच्या मनात ‘असे का?’ हा प्रश्न जागविणारे गणित क्षुल्लक कसे म्हणावे? तो प्रश्न पडलेले मूल गणिताला भीत नाही. आठवड्यातून एक तास अशा खेळांसाठी राखून ठेवण्यास खर्च काहीच नाही. कापरेकरांचे स्मारक करावयाचेच, तर ते नाशिकच्या शाळांतील फळ्यांवर व्हावे.