क्षमा आणि कबुली

न्यूटन म्हटले की आपल्याला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा शास्त्रज्ञ आठवतो. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गाइले जाणारे ख्रिस्ती भक्तिगीत रचणारा जॉन न्यूटन हा निराळा. अपराधाचे ओझे देवाच्या चरणी ठेवून मन शांत झाले, तर त्या अपराधाचा हिशेब तेथेच संपतो काय, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने या माणसाचे चरित्र अवश्य पाहावे.

लंडनमध्ये १७२५ साली त्याचा जन्म झाला. वडील जहाजाचे कप्तान. धर्मनिष्ठ आई तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच वारली. अकराव्या वर्षी तो समुद्रावर गेला. तरुणपणी त्याला सक्तीने नौदलात भरती करण्यात आले आणि पळून गेल्याबद्दल फटक्यांची शिक्षा झाली. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे तो अन्नाला मोताद होऊन राबला. देवाधर्माची टवाळी करण्यात त्याचा हात धरणारा खलाशी विरळा होता.

मार्च १७४८ मध्ये मायदेशी परतताना त्याचे जहाज भयंकर वादळात सापडले. मेण आणि लाकूड असा पाण्याहून हलका माल लादलेला होता, म्हणूनच ते तरले. त्या संकटात त्याच्या तोंडून नकळत देवाचा धावा निघाला. चार आठवड्यांनी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. वादळाचा तो दिवस न्यूटनने जन्मभर व्रतासारखा पाळला.

भाविकांच्या कथेत गोष्ट येथेच संपली असती. वस्तुस्थिती मात्र कठोर आहे. देवाची कृपा अनुभवल्यानंतरही न्यूटन गुलामांच्या व्यापारातच राहिला. १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. जहाजाच्या तळाशी साखळदंडांनी जखडलेली माणसे आणि वर खलाशांसह चाललेली रविवारची उपासना, यांतील विसंगती त्याला तेव्हा उमगली नाही. समुद्र त्याने सोडला तोही आजारपणामुळे, उपरतीमुळे नव्हे.

१७६४ साली तो ओल्नी या गावी धर्मोपदेशक झाला. तेथील गरीब लेस विणणाऱ्यांना तो देवाच्या क्षमेची ग्वाही देई. कवी विल्यम कूपर हा त्याचा शेजारी व जिवलग मित्र. दोघांनी मिळून रचलेली भक्तिगीते १७७९ साली प्रसिद्ध झाली. पण ज्याच्या हातून कोणाचेही वाईट झाले नव्हते, त्या कूपरला देवाने आपल्याला टाकले आहे या भ्रमाने १७७३ पासून ग्रासले, ते अखेरपर्यंत. टोचणीची तीव्रता अपराधाच्या प्रमाणात असतेच असे नाही, याचे याहून करुण उदाहरण सापडणे कठीण.

१७८५ साली तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स सल्ल्यासाठी गुपचूप न्यूटनकडे आला. राजकारण सोडून धर्मकार्याला वाहून घ्यावे, असे त्याच्या मनात घोळत होते. पार्लमेंटमध्ये राहूनच देवाची सेवा करावी, असे न्यूटनने त्याला समजावले. १७८८ साली स्वतः न्यूटनने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका लिहिली. आपण काय पाहिले आणि काय केले, हे त्याने उघडपणे मांडले. ही कबुली फार उशिरा येत आहे, हेही मान्य केले. समुद्र सोडून तेव्हा ३४ वर्षे लोटली होती. पुस्तिकेच्या प्रती पार्लमेंटच्या सभासदांना पाठविण्यात आल्या, चौकशी समित्यांपुढे त्याने साक्षही दिली.

अपराधी भावनेतून मुक्त होणे म्हणजे अपराध विसरणे, असा समज सर्वच धर्मांच्या अनुयायांत आढळतो. न्यूटनचे आयुष्य त्याच्या उलट साक्ष देते. शिक्षेच्या भीतीने ग्रासलेला मनुष्य आपले कृत्य लपवितो किंवा त्याचे समर्थन करतो; क्षमेची खात्री पटलेल्यालाच ते चारचौघांत सांगण्याचे धैर्य होते. त्या धैर्यापर्यंत पोहोचायला न्यूटनला निम्मे आयुष्य लागले. तोवर हजारो माणसे विकली गेली, हेही विसरता येत नाही.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांच्या व्यापारावर कायद्याने बंदी आली. दृष्टी जवळजवळ गमावलेला ८१ वर्षांचा न्यूटन ती वार्ता ऐकण्यास हयात होता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला त्याचे निधन झाले.