पाणी खेळवणारा हबशी : मलिक अंबर

काशीदच्या सुरूच्या बनातून मुरुडचा रस्ता धरला की पुढे राजपुरीजवळ समुद्रात जंजिरा दिसतो. चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. दिवसभराच्या रोजानंतर पहिला घोट घेणाऱ्याला त्या तलावांचे मोल वेगळे सांगायला नको. हा किल्ला एकेकाळी निजामशाहीचा. तो राखणारे सिद्दी मूळचे हबशाणातले, म्हणजे आजच्या इथिओपिया आणि आसपासच्या मुलखातले. त्याच मुलखातून आलेल्या एका माणसाने निजामशाहीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रापासून दूरच्या एका कोरड्या गावात घरोघरी पाणी खेळवले. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म 1548 च्या सुमाराचा. लहानपणीचे नाव चापू. कोवळ्या वयात तो गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती फिरत बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखानही हबशीच. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला. अहमदनगरात त्या काळी दुरून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. ही विद्या त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती.

चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून सुटला. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला, तेव्हा निजामशाही संपलीच असे सर्वांना वाटले. अंबरने दुसरा मुर्तझा निजामशाह गादीवर बसवला आणि उरलेली पंचवीस वर्षे मुघलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. मराठा सरदार त्याच्या बरोबरीने लढले. गनिमी काव्याने त्याने बादशाही फौजांची रसद तोडली. जमिनीची प्रतवारी लावून शेतसारा ठरवण्याची त्याची पद्धतही पुढे नावाजली गेली.

1610 मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. जागा मोक्याची, पण पाण्याचे काय? नदी खोल, विहिरी अपुऱ्या. अंबरने उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूचे डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून आणायचे ठरवले. यासाठी चुना-दगडाचा भुयारी मार्ग बांधला आणि पुढे वाटपासाठी खापरी नळ घातले. हीच नहर-ए-अंबरी.

तिच्यात एक शहाणपण आहे. भाजलेल्या मातीचा नळ गंजत नाही, पण फार दाब सोसत नाही. पाणी खाली उतरताना जोर धरते आणि चढावर नळात हवा अडकली की प्रवाह अडतो. आज आपण उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतो आणि दाब वाढू नये म्हणून मध्ये टाकी घेतो. औरंगाबादच्या नहरींत ही दोन्ही कामे उभ्या मनोऱ्यांनी केली. पाणी मनोऱ्यात वर चढायचे, हवा उघड्या तोंडातून निघून जायची, जोर मोडायचा आणि पाणी दुसऱ्या बाजूने पुढच्या नळात उतरायचे. त्याला ना पंप लागला, ना लोखंडी झडप. सगळे काम उताराने केले. पुढच्या शतकात पाणचक्कीच्या दर्ग्यापर्यंत पाणी आले तेही खापरी नळांतून आणि उंच भिंतीवर चढून.

1616 मध्ये मुघलांनी खडकी उद्ध्वस्त केली. अंबर खचला नाही, शहर पुन्हा उभे राहिले. 1624 मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. 1626 मध्ये तो वारला, खुलदाबादेत त्याची कबर आहे. दहा वर्षांत निजामशाहीही बुडाली.

शहराचे नाव मग फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर आहे. अंबरची नहर मात्र राज्यकर्ते बदलले तरी पिढ्यान् पिढ्या मशिदींच्या हौदांना, घरांना आणि बागांना पाणी देत राहिली. नंतर तिच्यावर इमारती उठल्या, नळ फुटले, मनोरे पडले. आज शहराचे पाणी जायकवाडीहून पंपांनी उपसून पोलादी नळांतून आणावे लागते आणि तरी घरात ते दिवसाआड मिळाले तर नशीब म्हणायचे. एवढ्या मोठ्या शहराला ती जुनी नहर पुरणार नाही, हे खरे. पण तिचे जे भाग शाबूत आहेत ते गाळ काढून जपता येतील.

ज्याचे लहानपण दुसऱ्याच्या मर्जीवर गेले, त्याने हाती सत्ता येताच लोकांची तहान ओळखली. आज इफ्तारला पेला ओठांना लावताना त्याची आठवण ठेवू या आणि घरातला गळका नळ ईदच्या आधी दुरुस्त करून घेऊ या.