दारा शुकोह आणि मन-बुद्धीचा भेद

बादशहा शाहजहानचा ज्येष्ठ पुत्र दारा शुकोह याचा जन्म अजमेर येथे २० मार्च १६१५ रोजी झाला. राज्यकारभारापेक्षा साधु-फकिरांच्या सहवासात तो अधिक रमे. बाबा लाल या महात्म्यांशी १६५३ साली झालेले त्याचे संवाद प्रसिद्धच आहेत. गोदातीराहून काशीस जाऊन राहिलेले कवींद्राचार्य सरस्वती यांचाही त्याच्याशी संबंध आला होता.

सुमारे १६५५ साली त्याने ‘मज्म-उल्-बहरैन’, म्हणजे दोन सागरांचा संगम, हा ग्रंथ फारसीत रचला. त्यात अंतःकरणाचे निरूपण करताना मन आणि बुद्धी यांचा प्रश्न उभा राहिला. आपण व्यवहारात हे दोन शब्द खुशाल एकमेकांच्या जागी वापरतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मात्र मनाहून बुद्धी श्रेष्ठ म्हटली आहे. दाराने हा भेद पुसला नाही. बुद्धीला त्याने अक्ल हा प्रतिशब्द दिला आणि जी कल्याणाकडे वळते, अकल्याणाकडे वळत नाही ती बुद्धी, असे लक्षण केले. मनाच्या ठायी मात्र संकल्प आणि विकल्प अशा दोन शक्ती त्याने सांगितल्या. मन ठरविते आणि ठरविलेले मोडतेही. चित्त हा मनाचा दूत. तो चहूकडे धावतो, पण बरेवाईट निवडीत नाही. शिवाय मूळ संस्कृत शब्दही त्याने फारसी मजकुरात ठेवले. भाषांतर हाच ज्याचा व्यवसाय, त्या प्रस्तुत लेखकास हा संयम फार मोलाचा वाटतो. जवळचा शब्द घालून मोकळे होण्याचा मोह काय असतो, हे तो जाणतो.

पुढे काशीचे पंडित व संन्यासी दिल्लीस बोलावून, यमुनातीरी निगमबोध येथील आपल्या वाड्यात, त्याने पन्नास उपनिषदांचा फारसी अनुवाद सिद्ध केला. सहा महिन्यांचे ते कार्य १६५७ साली पूर्ण झाले. ग्रंथाचे नाव ‘सिर्र-ए-अकबर’.

वर्षभरातच, मे १६५८ मध्ये, सामूगढच्या रणात तो हत्तीवरून खाली उतरला. रिकामी अंबारी पाहून सैन्य पांगले. ज्याने संकल्प-विकल्पांचे इतके नेमके वर्णन केले, त्याच्याच हातून ऐन क्षणी असे घडावे, याचे वाईट वाटते. औरंगजेबाच्या आज्ञेने ३० ऑगस्ट १६५९ रोजी दिल्लीत त्याचा वध झाला. देह हुमायूनच्या मकबऱ्यात पुरण्यात आला. त्याच्या त्या फारसी अनुवादावरून आंकेतील द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने लॅटिन भाषांतर केले. ते १८०१-०२ साली छापले गेले आणि त्यातूनच शोपेनहौअरने उपनिषदे वाचली.